एकेक फ्रेम

फाळक्यांच्या मटाराची गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या हिशेबाने सांगितली जाते. १९१२ साल. दादासाहेबांना सिनेमा काढायचा होता, जवळ पैसा नव्हता आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना या धंद्याची काडीची कल्पना नव्हती. म्हणून त्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोज एक फ्रेम घेतली. ती पट्टी पडद्यावर दाखवली तेव्हा दाण्यातून कोंब, कोंबातून रोप आणि रोपाचा वेल मिनिटभरात उभा राहिला. नाव ‘अंकुराची वाढ’. ते पाहून यशवंतराव नाडकर्णींसारखे मित्र कर्ज द्यायला तयार झाले.

आता हिशेब. रोज एक घेतली तर महिन्याच्या फ्रेम होतात ३०. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम पळत. म्हणजे हा सिनेमा दोन सेकंदांत आटोपला असता, सावकार खुर्चीत नीट बसायच्या आत. मिनिटभराची पट्टी हवी तर ९६० फ्रेम लागतात. महिन्याच्या ३० दिवसांवर वाटल्या तर दिवसाला ३२. रोजच्या ३२ एकाच वेळी घेऊन टाकल्या असत्या तर रोप वाढताना दिसलंच नसतं. दर दोन सेकंदांनी दचकून वितभर उंच झालं असतं. वेल सरसर चढताना दिसायचा तर त्या ३२ दिवसभरात पसरायला हव्यात. उजेड १२ तासांचा धरला, तर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. म्हणजे त्या घरात महिनाभर तासातून दोन-तीनदा कुणीतरी उठून कुंडीपाशी जात होतं आणि कॅमेऱ्याला धक्का न लागू देता दांडा फिरवत होतं. ‘रोज एक फ्रेम’ हे ऐकायला छान वाटतं, पण खरं काम त्याच्या तीसपट होतं.

दांडा फिरवणं, कॅमेरामनच्या भाषेत हँडल मारणं, हे त्या काळचं कसब. एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. हात कमी-जास्त झाला की पडद्यावरची माणसं पळायला किंवा रेंगाळायला लागत. पण त्या पिढीच्या अनेक कॅमेऱ्यांना दांडा बसवायची आणखी एक जागा असे. तिथे बसवला की एका फेऱ्याला एकच फ्रेम पुढे सरके. जादूच्या करामतींसाठी ही सोय केलेली होती. हौशी आणि प्रयोगशील सिनेमाचं निम्मं कूळ या दुसऱ्या भोकातून निघालं आहे, असं माझं मत आहे. मोठ्या सिनेमाला माणसं, पोशाख, देखावे, जेवणावळी लागतात. एकेक फ्रेम घेणाऱ्याला लागतो तो वेळ, आणि वेळ ही हौशी माणसाकडे असलेली बहुधा एकमेव गोष्ट.

फाळक्यांच्या आधी मुंबईत आणखी एक हौशी माणूस होऊन गेला होता, पण त्याची वाट वेगळी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे फोटोग्राफर. ल्युमिएर बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात झाला, त्या सुमाराचे हे सगळे वेडे. सावेदादांनी लंडनहून २१ गिनींचा रायली कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनला गेली. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचं मुंबईत झालेलं स्वागतही सावेदादांनी चित्रित केलं. आपल्याकडच्या वृत्तपटांची सुरुवात तिथून मोजतात. सावेदादा घटनेच्या मागे धावले. कुस्ती असेल तिथे कॅमेरा न्यायचा आणि हँडल मारत राहायचं. आज लग्नात, जत्रेत, क्रिकेटच्या मैदानात जे लाखो लोक फोन वर धरून उभे असतात, ते सावेदादांचे वंशज. फाळक्यांच्या मटाराने मात्र काही घडायची वाट पाहिली नाही. डोळ्याला जे कधीच दिसत नाही, ते त्याने घडवून दाखवलं.

या युक्तीचा पहिला मान फाळक्यांचा नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. लाइपझिगला विल्हेल्म फेफर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १८९८ ते १९०० या काळात रोपांच्या हालचाली अशाच टिपत होते, विद्यार्थ्यांना दाखवायला. आणि १९१० साली लंडनमध्ये पर्सी स्मिथ याचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ आला. कळ्या उमलण्याचा हा सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. या स्मिथचं मला फार अप्रूप आहे. शिक्षण खात्यातला कारकून, घर म्हणजे झाडांचा आणि यंत्रांचा गोठा. रात्री यंत्र अडलं तर उठवायला घंटा बसवलेली, बाकी सगळा जुगाड घरातल्याच वस्तूंचा. ज्याला साहेबी कचेरीतून रजा मिळत नाही, त्याने कॅमेऱ्यालाच नोकरीवर ठेवलं.

फाळक्यांकडे मात्र आणखी एक विद्या होती. त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले होते आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते केलेही होते. जादूगाराला ठाऊक असतं की प्रेक्षकाची नजर दोन क्षणांच्या मध्ये कुठे नसते. कॅमेरा थांबवायचा, वस्तू हलवायची, पुन्हा एक फ्रेम. पॅरिसचा जॉर्ज मेलिएसही मूळचा जादूगारच होता, हा काही योगायोग नव्हे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि फाळके धंदेवाईक झाले. पण हौशीपणा घरातून लगेच गेला नाही. कच्च्या फिल्मला भोकं पाडलेली नसत. ती अंधारात, हाताने, यंत्रावर पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुणं, रसायनं कालवणं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडे. तारामतीच्या भूमिकेतला अण्णा साळुंके तर मुळात हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारा. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. मटाराच्या कुंडीपाशी दर वीस मिनिटांनी कोण जात असेल, याचा विचार करताना या घराची कामाची वाटणी डोळ्यांपुढे ठेवावी, एवढंच म्हणतो.

महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी कच्ची फिल्म महाग झाली. मोठ्या चित्रपटाला लागणारी हजारो फूट फिल्म मिळवणं कठीण. त्या काळात फाळक्यांनी लहान लहान चित्रं केली, त्यातलं एक ‘आगकाड्यांची मौज’. आगकाड्या टेबलावर मांडायच्या, एक फ्रेम, काड्या केसभर सरकवायच्या, एक फ्रेम. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ साली काड्यांचा असाच सिनेमा केला होता. ‘विचित्र शिल्प’ही याच जातीचं. पौराणिक चित्रपटांसोबत असे छोटे तुकडे दाखवले जात. इतिहासात फाळके म्हटलं की देवादिकांचे चमत्कार आठवतात, आणि ते साहजिक आहे. पण मारुती उडतो तो मोठ्या मांडवात आणि पैशाच्या बळावर. काड्या नाचल्या त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, पेटीच्या किमतीत. प्रयोगशील सिनेमाचं बीज शोधायचं तर मी तिथे शोधीन.

पुढची पिढी कोल्हापुरात. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नात्यातले बंधू आनंदराव यांनी सिनेमा पाहिला आणि कॅमेरा विकत घेण्याऐवजी घरीच करायचं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. लेथवर भाग कापून कॅमेरा करणारे हेच दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ साली तिथून ‘जंबूकाका’ नावाचं कार्टून निघालं, रघुनाथ केळकरांनी केलेलं. बोलपटाचा वेग सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला १४४० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमला वापरलं तरी ७२० चित्रं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून गुणमय बॅनर्जींचं ‘द पी ब्रदर्स’ आलं. मटार पुन्हा एकदा. आपल्याकडच्या हलत्या चित्रांच्या कुळाचं दैवत खरं म्हणजे मटारच मानायला हरकत नाही.

तोवर परदेशात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १९२२ साली फ्रान्सच्या पाथेने साडेनऊ मिलिमीटरची फिल्म काढली, १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरची, १९३२ मध्ये ८ ची. साध्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मला तेव्हा नायट्रेटचा आधार असे आणि ती ठिणगी पडली की भडकायची. या नव्या फिल्म घरात ठेवण्याजोग्या होत्या, शिवाय धुतल्यावर थेट प्रोजेक्टरला लावता येत, वेगळी प्रिंट काढावी लागत नसे. आपल्याकडे संस्थानिक, साहेब, डॉक्टर, वकील यांच्या घरी हे कॅमेरे आले. त्यांनी काय टिपलं? बाळाचं बारसं, शिकार, बागेतली बायको, बोटीचा धक्का. सावेदादांचाच वारसा, पण घरगुती. १९३७ साली मुंबईत या मंडळींची अमॅच्युअर सिने सोसायटीही निघाली. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडचा बोलेक्स एच-१६ आला आणि त्यात एकेक फ्रेम घ्यायचा खटका होता. पंचवीस वर्षांपूर्वीचं ते दुसरं भोक आता घरगुती यंत्रावर आलं होतं. अमेरिकेत माया डेरेनने वडिलांच्या वारशाच्या पैशातून जुना बोलेक्स घेतला आणि १९४३ साली ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला. तिथल्या प्रयोगशील सिनेमाची एक मोठी वाट त्या एका यंत्रातून निघाली.

आपल्याकडे ही वाट निघाली ती कुठून, तर सरकारी कचेरीतून. मुंबईची फिल्म्स डिव्हिजन १९४८ सालची. १९५६ साली तिथे कार्टूनचा विभाग सुरू झाला. डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी तयार झाली आणि १९५७ मध्ये ‘द बन्यन डिअर’ आला. प्रमोद पती चेकोस्लोव्हाकियात कठपुतळ्यांच्या सिनेमाचं काम शिकून आलेले. १९६८ मध्ये त्यांनी ‘एक्स्प्लोरर’ केला, १९७२ मध्ये ‘आबिद’. त्यात चित्रकार आबिद सुरती स्वतः कॅमेऱ्यासमोर आहेत, पण चालत नाहीत: काड्यांसारखे एकेका फ्रेमने सरकतात. जिवंत माणसाची आगकाडी. खोलीभर रंग, भिंतीवर, जमिनीवर, अंगावर, आणि पाठीमागे ठेक्यांचा गलका.

यातली मौज पुढे आहे. त्या काळी प्रत्येक थिएटरला मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ दाखवणं सक्तीचं होतं. म्हणजे न्यूयॉर्कमधला प्रयोगशील सिनेमावाला तळघरात वीस माणसांपुढे रीळ दाखवत होता, तेव्हा आपल्याकडचे असले प्रयोग मारधाडीच्या सिनेमाला तिकीट काढून बसलेल्या, शेंगा सोलणाऱ्या पब्लिकपुढे जात होते. लोक वैतागत असतील, हसत असतील, उशिरा येत असतील. पण जगात इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे, तेही सरकारी खर्चाने, असा सिनेमा आणखी कुठे गेला असेल असं मला वाटत नाही. या सक्तीला शिव्या घालणारे अनेक भेटतात. माझं तिच्यावर थोडं प्रेम आहे.

त्याच वेळी मुंबईत चित्रकार अकबर पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. तिच्या पैशातून त्यांनी १९६९ साली नेपियन सी रोडवर व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं: बोलेक्स कॅमेरा, फोटोची डार्करूम, छपाईची सोय आणि कुणीही येऊन काहीतरी करून पाहावं असं वातावरण. नलिनी मालानी तेव्हा विशीत. त्यांनी पुठ्ठ्याच्या घरांचा नमुना केला, रंगीत फिल्टरमधून त्यावर उजेड टाकला आणि ८ मिलिमीटरवर एकेक फ्रेम घेत ‘ड्रीम हाउसेस’ केला. पदमसींनी राम मोहन यांच्या मदतीने ‘सिझिजी’ केला, १९७० साली: नुसत्या रेषा आणि बिंदू, गणिताच्या नियमाने एकमेकांना शोधत जाणारे. त्यात ना माणूस, ना गोष्ट, ना संगीत. बघायला सोपा नाही तो, मलाही सगळा झेपला नाही. पदमसींचा दुसरा सिनेमा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याची एकच प्रिंट होती आणि ती गहाळ झाली. काही दशकांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालियांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन तो आठवणीवरून पुन्हा उभा केला, २०१६ मध्ये. एकुलत्या एका प्रिंटवर भिस्त ठेवणं ही हौशी सिनेमाची जुनी खोड. धुतल्यावर थेट दाखवता येणारी फिल्म स्वस्त पडते, पण तिची निगेटिव्ह नसते. एकदा हरवली की हरवली.

हे सगळं मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्यात बसून लिहितो आहे. इथे कॅमेऱ्यांची कमी नाही, फक्त ते माणसांच्या हातात कमी आणि झाडांच्या बुंध्यांना जास्त. काळी व्याघ्र प्रकल्पात वन खात्याने बांधलेले कॅमेरे समोरून काही उबदार हललं की आपोआप फ्रेम घेतात. त्यामुळे मी परसातल्या कोनफळाच्या वेलासमोर फोन बांधला तेव्हा शेजारच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “काका, हंय वाघ येतलो काय?” त्याच्या आजीला वाघ परवडला असता. तिचं म्हणणं, “वेल कसला बघतां? कोन खाली धरता.” जोयड्याच्या कुणबी घरांत कंदांची परीक्षा जमिनीखाली होते. हिवाळ्यात तालुक्याला कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा मांडीएवढे कोन, म्हणजे कोनफळं, मांडलेले असतात. वेलाकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

पण वेल पाहण्यासारखा असतो. टाइम-लॅप्सची सोय आता जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि हिशेब फाळक्यांचाच, फक्त फोन सेकंदाला ३० दाखवतो. मिनिटाला १८०० फ्रेम. दर दहा मिनिटांनी एक घेतली तर दिवसाला १४४, म्हणजे साडेबारा दिवसांत मिनिटभराचा सिनेमा. त्यात दिसलं ते असं: शेंडा वर जात नाही, आधी गोल फिरतो. हवेत मोठं वर्तुळ काढतो, आधाराला लागेपर्यंत फिरत राहतो, आणि काठी सापडली की तिला वेढे घालत चढतो. डार्विनने आजारपणात अंथरुणावरून वेलींचं हे फिरणं तासन्‌तास न्याहाळलं होतं आणि १८६५ साली त्यावर प्रबंध लिहिला. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, घड्याळ होतं. मुलाने ती क्लिप पाहिली आणि म्हणाला, “हो हात फिरयता, आंधळ्यावरी.” मग आजीला नेऊन दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिली आणि विचारलं, रात्रीचा पण फिरतो का. रात्रीच्या फ्रेम काळ्या आल्या होत्या, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

पावसाळ्यात कुणाला इथे हे करून पाहायचं असेल तर चार गोष्टी. फोनचा फोकस आणि उजेडाचं माप दोन्ही लॉक करा, नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं आणि वेलाऐवजी आभाळाचाच सिनेमा होतो. फोन भिंतीला खिळ्याने पक्का करा. काठीला बांधलात तर वाऱ्याने काठी हलेल आणि सगळं चित्रच थरथरेल. कॅमेऱ्याची काच पुसून घ्या आणि फोनला कौलाखाली ठेवा. आणि पॉवर बँक दोन ठेवा, कारण जून-जुलैत इथली वीज कधी जाईल आणि कधी येईल यावर भरवसा ठेवून साडेबारा दिवसांचं काम हाती घेऊ नये.